केसांची पिशवी

भोईवाडा, परळ
रविवार, ६ जुलै

सुचित्रा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र फोडलंस, बरं केलंस. पत्ता वैभवच्या डायरीतून घेतला, त्याला न सांगता. फोन मी करणार नाही. नऊ वर्षं तू उचलला नाहीस, आता नाशिकला घंटा वाजवत बसून काय करू.

मी आजारी नाही. मला काही नको आहे. आकूबद्दल लिहायचं आहे. वैभवची आकांक्षा. तू शेवटची पाहिलीस तेव्हा ती दोन वर्षांची होती, आता अकरा पूर्ण झाली.

दारामागच्या खिळ्याला आपली केसांची पिशवी असते, ती तुला आठवत असेल. विंचरून झालं की गुंतवळ त्यात टाकायचं, केसवाली आली की द्यायचं, बदल्यात भांडं घ्यायचं. माझी आई करायची म्हणून मी करते. सूनबाई प्रिती पहिल्यांदा हसली होती. आता तीही त्यात टाकते आणि आकूही.

मे महिन्यात राधाबाई केसवाली आली तेव्हा पिशवी चांगली फुगली होती. मला वाटलं, प्रितीचे केस गळत असतील, कामाची दगदग असते तिला. राधाबाईने घाईत, न बघताच तागडीत टाकले आणि एरवी चमचा नाहीतर गाळणी देणारी बाई, तिने मला चक्क दोन कप्प्यांचा कडीचा डबा दिला. मी खूश. तो डबा मी आकूला दिला. म्हटलं, "शाळेत ने. फुकट मिळालाय, पण बघ कसा चकचकतोय." ती हसली नाही. मला वाटलं, हल्लीच्या पोरांना रंगीत प्लास्टिकचे डबे लागतात.

परवा शुक्रवारी राधाबाई पुन्हा आली. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून तिने पिशवी ओतली आणि हात आखडला.

"मावशी, घरात कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. का गं?"

"हे बघा." तिने चिमटीत काहीतरी उचललं. "विंचरलेला केस गुंता होऊन येतो. हा गुंतलेला नाही. एकेक केस वेगळा ओढलाय आणि बोटाला गुंडाळलाय. वीस वर्षं मी केसच उचलते. हे उपटलेले आहेत."

कागदावर अशी पंधरा-वीस वेटोळी होती. काळीभोर, अंगठीसारखी. मी एक माझ्या करंगळीत घालून पाहिलं. गेलं नाही. एवढं लहान बोट घरात एकाच माणसाचं आहे.

राधाबाईने सगळं पुन्हा पिशवीत भरलं आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "हे मी नाही नेत." टोपलं उचलून गेली.

संध्याकाळी वेणी घालायच्या निमित्ताने मी आकूचे केस वर उचलले. डाव्या कानाच्या वर माझ्या तळव्याएवढी जागा मोकळी आहे. ती वरचे केस त्यावर ओढून क्लिप लावते. घरात तीन मोठी माणसं, आणि कळलं ते केसवालीला.

तुझं टक्कल केलं होतं ते उवांमुळे. हे उवांचं नाही. तरीही तुला का लिहिते आहे ते पुढच्या पत्रात लिहीन. आज हात दुखतो.

आई

शनिवार, १९ जुलै

सुचित्रा,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

मी या दोन आठवड्यांत काय काय केलं ते सांगते. पहिल्या दिवशी ओरडले. "वेडी आहेस का? कुणी सांगितलं तुला हे?" दुसऱ्या दिवशी खोबरेल तेल थापून दोन घट्ट वेण्या घातल्या, म्हणजे बोटं सटकतील. तिसऱ्या दिवशी अंगठा आणि पहिलं बोट यांना चिकटपट्टी लावली. रोज संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बसवून डोकं तपासायला लागले. शेजारची कमल म्हणाली, "मालनकाकी, नजर काढा, दुसरं काय," तर मीठमोहऱ्याही ओवाळल्या. वाचनालयात तेवीस वर्षं पुस्तकं झटकली, झटकता झटकता अर्धी वाचून काढली, आणि शेवटी मीठमोहऱ्या.

आठव्या दिवशी पाहिलं तर डोक्यावर नवीन काही नव्हतं. मी मनातल्या मनात जिंकले. मग ती पाणी प्यायला उजेडात आली. डावी भुवई अर्धी नव्हती.

मी पोळ्या लाटत होते. हातात लाटणं होतं. मी उठले फक्त, सुचित्रा. लाटणं खाली ठेवायचं राहिलं, एवढंच. तिने माझ्याकडे पाहिलं, लाटण्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांची बोटं पुढे केली. मी मागितली नव्हती. आपणहून पुढे केली, पालथी, जवळ जवळ धरून. तिला या घरात कुणी कधी असं मारलेलं नाही. ती कुठून शिकली मला माहीत नाही.

तव्यावरची पोळी जळून धूर झाला तेव्हा मी हलले. म्हणजे दोघी हललो. मी तिची चिकटपट्टी काढली. खालची कातडी पांढरी, सुरकुतलेली झाली होती, पाण्यात राहिल्यासारखी.

तूही शेवटी शेवटी बोटं आपणहून पुढे करायचीस.

वैभवला भुवई दिसली तेव्हा त्याला सगळं सांगावंच लागलं. प्रिती रडायला लागली. तो तिच्यावर ओरडला, ती त्याच्यावर. आमची चाळ आता पाडली जाणार, तोपर्यंत कुठे राहायचं यावरून दोघांचं वर्षभर चाललं आहे. त्याला बदलापूरला जायचं आहे, तिला माहीमला आईजवळ. त्यातच हेही आलं. वैभव म्हणाला, "तू जा तुझ्या माहीमला. पोरगी माझ्याकडेच राहील." आकू मोरीपाशी उभी होती. तिचा हात कानाकडे गेलेला मी पाहिला.

मग वैभव माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, सरळ टक्कल करू. सुचीताईचं केलं होतंस ना? झाली ना ती ठणठणीत? गणपतीला गावी जाणार आपण, तिथे चार माणसं विचारणार. उवा झाल्या म्हणून सांगायचं. विषय संपला."

मी उठून ताटं घ्यायला लागले.

त्याला काय माहीत असणार, तो सहा वर्षांचा होता. त्याला मी सांगितलं तेवढंच माहीत. सगळ्यांना मी सांगितलं तेवढंच माहीत. तुझ्या डोहाळजेवणालाही मी तेच सांगितलं. बायका एकेकीच्या लहानपणच्या गमती काढत होत्या, मलाही सुरसुरी आली. "आमची सुची एकदा तुळतुळीत टकली होती! उवा एवढ्या, की न्हावी म्हणाला, बाई, माझ्या वस्तऱ्याला खाज सुटली." तुझी सासू पदर तोंडाला लावून हसली. तू झोपाळ्यावरून उतरलीस, हिरव्या साडीत, सातवा महिना, आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावलीस. मी सगळ्यांना म्हटलं, पोटुशी बाई हळवी असते. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलली नाहीस. मी नऊ वर्षं लोकांना सांगत आले की मला कारण ठाऊक नाही.

तुझी मुलगीही आता नऊ वर्षांची असेल. मी तिला पाहिलेलं नाही. तिचे केस कसे आहेत?

आई

रविवार, ३ ऑगस्ट

सुचित्रा,

उवा नव्हत्या.

ही ओळ लिहून मी दोन तास उठून गेले. तांदूळ निवडले, कपडे घडी केले, आता परत बसले आहे.

तुझे बाबा जाऊन तीन महिने झाले होते. तू केस उपटायचीस. डोक्याच्या मधोमध, टाळूवर. उशीवर, दप्तरात, जेवणाच्या ताटाखाली केस सापडायचे. मला वाटायचं तू मला त्रास द्यायला करतेस. मी नवीन विधवा, सातवी नापास, वाचनालयातली झाडूची नोकरी लागून महिनाही झाला नव्हता. त्यात पोरगी असं करते हे चाळीत कळलं तर लोक म्हणणार, धोंडूच्या माघारी बाई पोरीला सांभाळू शकत नाही. मी आधी बोटांवर मारलं. लाटण्याने. किती दिवस ते मला आठवतं, पण लिहवत नाही. मग खालच्या न्हाव्याला वर बोलावलं आणि चाळीत सांगितलं, उवा झाल्या.

दुसऱ्या दिवशी तू बाबांची टोपी घालून शाळेत निघालीस. गिरणीत घालायचे ती पांढरी टोपी. मी ती जिन्यावर काढून घेतली. म्हटलं, मेलेल्या माणसाची टोपी घालून कुठे चाललीस. तुला तसंच पाठवलं. शाळेत काय झालं ते तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. ती टोपी नंतर कुठे गेली मला माहीत नाही.

टक्कल करून तू ठणठणीत झाली नव्हतीस. केस नव्हते म्हणून तू भुवया काढल्यास, मग पापण्या. वर्षभराने आपोआप थांबलीस, की लपवायला शिकलीस, ते देव जाणे. मी मात्र सांगत राहिले, टक्कल केलं आणि बरी झाली. आता माझा मुलगा तेच औषध त्याच्या मुलीला द्यायला निघाला आहे.

त्याने दिवस ठरवला आहे. रविवार, १७ तारीख. त्याच्याकडे दाढीचं मशीन आहे, तेच फिरवणार. चोवीसला गाडी आहे, तोवर थोडे केस फुटतील म्हणतो.

मी आकूला घेऊन डॉक्टरांकडे गेले. आधी कातडीच्या, तिथून मुलांच्या मनाच्या. वैभवला चर्मरोगाचंच सांगितलं आहे. बाई अगदी तरुण, पायात चपला साध्या. आकूशी एकटीशी अर्धा तास बोलल्या. मग मला आत बोलावलं. म्हणाल्या, "आजी, ही खोड नाही, हा आजार आहे. तिला स्वतःलाही थांबवता येत नाही. हात अडवू नका, हाताला काम द्या. आणि का करतेस असं विचारू नका. कधी करते ते बघा." अजून यायला सांगितलं आहे, आई-वडिलांना घेऊन.

मी विचारलं, "टक्कल केलं तर?"

त्या म्हणाल्या, "कुणाचं केलं होतं?"

मी म्हटलं, एका ओळखीच्या मुलीचं.

घरी येऊन मी वाल भिजत घातले. मोड आल्यावर आकूला परातीसमोर बसवलं. बिरडं सोलायला तुला कधीच आवडलं नाही, तिला मात्र जमलं. चिमटीत धरून दाबायचं, साल सटकन सुटतं, दाणा पांढरा बाहेर येतो. तिची बोटं त्यासाठीच बनल्यासारखी चालली. मी काही विचारलं नाही. सालांचा ढीग झाल्यावर तीच बोलली.

"आजी, तुला राग आलाय का डब्याचा?"

"कुठल्या डब्याचा?"

"केसांवर मिळालेल्या. त्यातले माझेच जास्त होते. मी आधी थोडे पिशवीत टाकायचे, बाकीचे खिडकीतून. मग तुला डबा मिळाला, तू किती खूश झालीस. म्हणून मग सगळे पिशवीत टाकायला लागले. म्हटलं, वाया नको जायला."

माझ्या हातातला वाल परातीत पडला. त्या डब्यात मी तिला रोज पोळीभाजी भरून देत होते आणि तो अर्धा परत यायचा म्हणून तिलाच बोलत होते.

"ओढल्यावर कसं वाटतं गं?" मी विचारलं. विचारू नका म्हटलं होतं, पण विचारलं.

ती थोडा वेळ सोलत राहिली. "आवाज बंद होतो," म्हणाली. "आई-बाबांचा नाही. माझ्या आतला."

मी तिला सांगितलं की तुझी आत्यासुद्धा असंच करायची. तुला न विचारता सांगितलं. चुकलं असेल तर तेही माझ्या नावावर धर. तिने पहिल्यांदा मान वर केली आणि विचारलं, "मग तू काय केलंस?"

मी म्हटलं, उद्या सांगते. उद्या होऊन चार दिवस झाले.

मी वैभवला सांगू शकले नाही, सुचित्रा. दोनदा तोंड उघडलं. तो म्हणाला, "आई, तू मध्ये पडू नकोस. तूच केलंस तेव्हा बरोबर होतं ना?" मी काय सांगू? एकतीस वर्षं माझं बरोबर होतं.

आई

रविवार, १७ ऑगस्ट, दुपार

सुचित्रा,

हे पत्र घाईत लिहिते. हाताला चिंधी बांधली आहे, अक्षर सांभाळून घे.

सकाळी चहा झाल्यावर वैभवने गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर स्टूल ठेवलं. मशीन चार्जिंगला होतंच. प्रिती म्हणाली, "अहो, डॉक्टरांना एकदा विचारूया." तो म्हणाला, "तीन आठवडे मलम चोळतोय आपण, काय झालं? डॉक्टर काय, ये म्हणतो परत परत." त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो घाबरलेला होता. हे मला आज दिसलं. मीही तेव्हा घाबरलेलीच होते, पण मला कुणी पाहिलं नाही.

"आकू, ये बाळा. दहा मिनिटांचं काम. परत दाट येतील, बघ. आत्याचे नाही आले?"

आकू रडली नाही. फ्रॉकवर टॉवेल गुंडाळून घेतला आणि स्टुलावर जाऊन बसली. हात मांडीवर, बोटं जवळ जवळ धरलेली. पालथी.

समोरच्या दारात कमल उभी होती. पोरं कठड्याला लोंबकळून बघत होती. कुणीतरी म्हणालं, "आयला, टक्कल!" वैभवने बटण दाबलं. तो आवाज फार बारीक असतो, माशीसारखा.

मी जाऊन मशीनवर हात ठेवला. सरळ पात्यावर. जरासं कापलं, फार नाही.

"आई! काय करतेस?"

"उवा नव्हत्या," मी म्हटलं.

"काय?"

"सुचीला. उवा नव्हत्या. ती हेच करत होती. तिलाही हेच होतं. मी खोटं सांगत आले."

"आई, आता हे काय नवीन?"

"नवीन नाही. तुझ्या वयाएवढं जुनं होत आलंय." मग मी सगळं सांगितलं. आतमध्ये नाही, गॅलरीत, कमलसमोर, पोरांसमोर. उवांचंही मी तिथेच सांगितलं होतं, म्हणून तिथेच. लाटण्याचं सांगितलं. भुवयांचं सांगितलं, पापण्यांचं सांगितलं. "तिला बरं वाटलं नाही, वैभव. मला बरं वाटलं. लोकांना सांगायला कारण मिळालं. तू आज हे मशीन फिरवशील ना, तर तुलाही बरं वाटेल. हिला नाही. आणि ही चाळीस वर्षांची होईल तेव्हा तुझ्याशी बोलणार नाही."

कमल म्हणाली, "अगं बाई." दार लोटून आत गेली. पहिल्यांदाच बोलण्यासारखं असताना न बोलता गेली.

वैभव खाली बसला, वर्तमानपत्रावरच. मशीन त्याच्या हातात चालूच होतं. मग म्हणाला, "मी तिला टकली टकली म्हणून चिडवायचो. तू हसायचीस. म्हणून मी रोज म्हणायचो."

"हो," मी म्हटलं. "हसायचे."

"ती पलंगाखाली जाऊन बसायची. मला वाटायचं लपाछपी." त्याने मशीन बंद केलं आणि तोंड फिरवलं. प्रिती त्याच्या शेजारी बसली. एवढ्या महिन्यांत त्या दोघांना मी शेजारी बसलेलं पाहिलं नव्हतं.

आकू स्टुलावर तशीच होती. मला वाटलं ती वैभवला काही विचारेल. तिने मला विचारलं, "आजी, म्हणजे हे तू केलंस?"

"हो."

"आत्याने काय केलं?"

"गप्प बसली. टोपी घालायला मागत होती. मी दिली नाही."

ती उतरली, टॉवेल सोडून दोरीवर टाकला आणि माझ्या हाताचं रक्त पुसायला चिंधी शोधायला लागली. ती माझ्यावर रागावली आहे की नाही, मला कळत नाही. दुपारचं जेवण माझ्या हातचं घेतलं नाही, प्रितीच्या हातचं घेतलं. बरोबर आहे.

टोपीबद्दल मी तुला खोटं लिहिलं होतं. ती ट्रंकेत आहे, तळाला, बाबांच्या मफलरखाली. एकतीस वर्षं तिथेच आहे.

मी तुला माफ कर म्हणत नाही. ते म्हटलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि ते काम मी तुझ्यावर टाकणार नाही. एकच विचारते. तुला तेव्हा काय हवं होतं? कुणी काय करायला पाहिजे होतं? मला आता करता येणार नाही, पण इथे एक मुलगी आहे तिला करता येईल. तुला वाटलं तर एका ओळीत लिही. वैभवला लिही, प्रितीला लिही. मला नको लिहूस.

आई

शनिवार, २३ ऑगस्ट

सुचित्रा,

काल संध्याकाळी वैभवच्या फोनवर तुझं नाव आलं तेव्हा तो जेवत होता. उष्ट्या हाताने उचलला. "ताई," एवढंच म्हणाला. मग ऐकत राहिला, मान हलवत. तू समोर असल्यासारखी. फोन त्याने माझ्याकडे दिला नाही. आकूकडे दिला. "आत्या आहे. तुझ्याशीच बोलायचं म्हणते."

मी उठून गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. इथून शेजारच्या मधुकाकांच्या घरातला टीव्ही ऐकू येतो, तो ऐकत उभी राहिले. तुम्ही काय बोललात मला माहीत नाही. खिडकीच्या काचेतून दिसत होतं तेवढं सांगते. आधी ती उभी होती. मग खाली बसली. मग पलंगाखाली सरकली, फोन घेऊन, आणि फक्त पाय बाहेर राहिले. प्रिती तिला काढायला निघाली तर वैभवने तिचा हात धरला. म्हणाला, "राहू दे. असू दे." चाळीस मिनिटं झाली. मध्ये एकदा ती हसली. पलंगाखालून हसण्याचा आवाज आला.

बाहेर आल्यावर तिने मला सांगितलं ते असं. आत्या म्हणाली, तिला तेव्हा कुणी काही करायला नको होतं, फक्त कुणी शेजारी बसायला हवं होतं. आत्याला मुलगी आहे, तिचं नाव आर्या. आर्याचे केस कुरळे आहेत. गावाहून आल्यावर आकूने पुन्हा फोन करायचा आहे, दर शुक्रवारी. आणि डॉक्टरांकडे जायचं सोडायचं नाही.

मग ती म्हणाली, "आजी, मी आत्याला विचारलं, गावी जाताना मी आजोबांची टोपी घालू का. तीच म्हणाली, इथे ट्रंकेत आहे ती."

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाली. म्हणाली, ती माझी आहे, पाठवून द्या."

तिला वाईट वाटलं नव्हतं. उलट बरं वाटल्यासारखी होती. सोमवारी डॉक्टर बाईंकडे वैभव आणि प्रिती दोघंही जाऊन आले. गाडीची तिकिटं रद्द केलेली नाहीत, उद्या गावी निघायचं आणि गणपती झाले की परत यायचं ठरलं आहे. बदलापूर की माहीम ते अजून ठरलेलं नाही, पण भांडायचं तर दोघं खाली जिन्यावर जाऊन भांडतात. आकू कपाळाला ओढणीचा पट्टा बांधून जाणार आहे. कुणी विचारलं तर काय सांगायचं, मी विचारलं. ती म्हणाली, "मला केस ओढायचा आजार आहे असं सांगेन. उवा नाही सांगणार." कानावरच्या जागेत बारीक काटे आले आहेत, बोट फिरवलं तर टोचतात. तिने मला स्वतःहून फिरवू दिलं. त्यातले काल चार गेले. तिने मोजून सांगितले. मग दोघी वाल सोलत बसलो.

केसांची पिशवी मी खिळ्यावरून काढली आहे. डबा आकूने ठेवून घेतला, मी टाकते म्हटलं तर देईना. म्हणते, माझा आहे, मी कमावलाय.

टोपी या पाकिटासोबत रजिस्टर्ड पार्सलने पाठवते आहे. बांधली आकूने, पत्ताही तिनेच लिहिला. मी फक्त ट्रंक उघडली. ती धुतलेली नाही, इस्त्री केलेली नाही. आतल्या शिवणीत दोन बारीक केस अडकलेले आहेत. बाबांचे असतील, नाहीतर त्या वर्षी तुला नवे फुटले तेव्हाचे, माझ्यामागे तू ट्रंक उघडत असशील तर. मला ओळखता आलं नाही. तसेच राहू दिले आहेत.

आई